बोटनेक कुणाचा? पॅरिसमधले पाच दिवस

पॅरिसला कपडे बघायला जायचं असेल तर बुधवारी सुरुवात करावी. गालिएरा आणि ईव्ह सँ लोराँ ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात, डिओरची गॅलरी, लूव्र आणि सिनेमातेक ही चित्रपटांची संस्था मंगळवारी, आणि मोंमार्त्रच्या पायथ्याशी असलेली कापडाची बहुतेक दुकानं रविवारी. बुधवार ते रविवार असे पाच दिवस धरले की एकही फेरी फुकट जात नाही. जानेवारी आणि जुलैतले कुत्यूर शोचे आठवडे मात्र टाळावेत. शोचं आमंत्रण मिळणार नसतंच, वर हॉटेलांचे भाव चढलेले असतात.

प्रवासाचा विषय आहे ओत कुत्यूर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मापाने शिवलेल्या कपड्यांचा पॅरिसचा धंदा, आणि सिनेमा. दोघांनी एकमेकांना खूप दिलं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. प्रत्यक्ष पत्त्यांवर फिरलं की वेगळंच लक्षात येतं. नटी गिऱ्हाईक म्हणून शिवणघराचा जिना चढली, तिथे ते नातं टिकलं. स्टुडिओने शिवणघराला आपल्या दारी बोलावलं, तिथे बहुतेक बिनसलं.

पहिला दिवस, बुधवार: रू द ला पे ते लूव्र

ऑपेरा स्टेशनवर उतरून रू द ला पे धरायची. ७ क्रमांकाच्या इमारतीत १८५८ मध्ये चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज माणसाने दुकान मांडलं आणि कुत्यूरचा धंदा आजच्या रूपात सुरू झाला. त्याआधी गिऱ्हाईक कापड घेऊन शिंप्याकडे जायचं आणि काय शिवायचं ते सांगायचं. वर्थने ते उलटं केलं. नमुने आधी त्याने तयार करायचे, जिवंत मॉडेलच्या अंगावर दाखवायचे, गिऱ्हाइकाने त्यातून निवडायचं आणि मग तिच्या मापाने शिवायचं. १९४५ पासून ‘ओत कुत्यूर’ हे नाव फ्रान्समध्ये कायद्याने राखीव आहे. त्यासाठी शिवणघर पॅरिसमध्ये हवं, कपडा गिऱ्हाइकाच्या मापाचा आणि फिटिंग घेऊन शिवलेला हवा, आणि वर्षाला दोन संग्रह सादर व्हायला हवेत. यातला फिटिंग हा शब्द लक्षात ठेवावा, पुढचे चारही दिवस तो आडवा येणार आहे.

त्याच रस्त्यावर ३ क्रमांकाला पाकँ हे कुत्यूरचं घर होतं. १९४६ च्या ‘ला बेल ए ला बेत’ या ज्याँ कॉक्तोच्या चित्रपटाचे कपडे ख्रिस्तियाँ बेरारने आखले आणि ते पाकँच्या शिवणघरात तयार झाले. त्या कामावर पिएर कार्दँ नावाचा तरुण कारागीर होता. पुढे तो डिओरकडे गेला, आणि नंतर स्वतःच्या नावाने उभा राहिला. आता इमारतीत बघण्यासारखं काही उरलेलं नाही. पाच मिनिटं पुरतात.

प्लास व्हाँदोम ओलांडून ३१, रू कांबाँ. तळमजल्यावर शानेलचं दुकान आहे आणि वर जाणाऱ्या जिन्याला आरशांच्या उभ्या पट्ट्या लावलेल्या आहेत. याच जिन्यात बसून कोको शानेल खाली चाललेला शो आणि बघणाऱ्यांचे चेहरे, दोन्ही आरशात न्याहाळायची. वरचे मजले सर्वसामान्यांना बघायला मिळत नाहीत. १९३१ मध्ये सॅम्युअल गोल्डविनने तिला हॉलिवूडला नेलं. ग्लोरिया स्वान्सनसाठी तिने ‘टुनाइट ऑर नेव्हर’चे कपडे केले, पण दोन फिटिंगच्या मधे स्वान्सन गरोदर राहिली आणि घेतलेली मापं निकामी झाली. कुत्यूरमध्ये याचं कुणाला काही वाटत नाही, तिसरं फिटिंग घेतात. स्टुडिओत शूटिंगची तारीख बदलत नसते. शिवाय शानेलचा कपडा जवळून बघायचा कपडा. सैल विणीचं ट्वीड, आतून रेशमी अस्तर, ते दोन्ही उभ्या शिवणींनी एकत्र टाचलेले, आणि जाकिटाच्या खालच्या कडेला आतून शिवलेली बारीक पितळी साखळी. साखळीच्या वजनाने कड सरळ पडते. मुंढा उंच कापलेला असल्यामुळे हात वर केला तरी जाकीट वर चढत नाही. हॉलिवूडला त्या काळात लांबून चमकणारं काहीतरी हवं होतं. दोनतीन चित्रपटांत हे प्रकरण आटोपलं. तीस वर्षांनी, १९६१ मध्ये, ‘लास्ट इयर ॲट मारीयेनबाद’मध्ये देल्फीन सेरिगच्या अंगावर शानेलचेच कपडे आले आणि शोभले, कारण तिथला कॅमेरा थांबून बघणारा होता.

बुधवारी लूव्र रात्री नऊपर्यंत उघडं असतं, म्हणून संध्याकाळ तिथे. ‘मोनालिसा’च्या रांगेत उभं न राहता थेट ‘दारू’ नावाच्या जिन्याकडे जावं, माथ्यावर पंखवाली ‘सामोथ्रासची विजयदेवता’ आहे. ‘फनी फेस’मध्ये (१९५७) ऑड्री हेपबर्न लाल रंगाच्या स्ट्रॅपलेस गाउनमध्ये लाल ओढणी उंचावत याच जिन्यावरून धावत उतरते. जिना स्वतः उतरून बघा. जमिनीपर्यंत येणारा अरुंद घेर पायरीवर टाचेत अडकतो. त्यासाठी पुढची कड मागच्यापेक्षा दोनतीन सेंटिमीटर वर घेतात आणि पायाला वाट मिळेल अशी फट ठेवतात. कड जमिनीला समांतर ठेवली तर कपडा उभं राहून सुंदर दिसतो आणि तिसऱ्या पायरीवर पाडतो.

दुसरा दिवस, गुरुवार: एक बोटनेक आणि त्याचं नाव

कुर्सेल मेट्रोवर उतरून मोंसो बागेच्या कडेने रू आल्फ्रेद द व्हिन्यी. ८ क्रमांकाच्या घरात १९५२ मध्ये ह्यूबेर द जिव्हाँशीने आपलं कुत्यूर घर उघडलं. १९५३ च्या उन्हाळ्यात त्याला निरोप मिळाला की मिस हेपबर्न येताहेत. त्याला वाटलं कॅथरिन हेपबर्न. आली ऑड्री. तिला ‘सॅब्रिना’साठी पॅरिसचे कपडे हवे होते. तो पुढच्या संग्रहात बुडालेला होता, नवीन काही शिवायला वेळ नव्हता. त्याने तयार नमुन्यांतून निवडायला सांगितलं आणि तिने निवडले: करडा लोकरी सूट, काळ्या भरतकामाचा पांढरा ऑर्गंझाचा गाउन, आणि खांद्यांवर बो असलेला काळा कॉकटेल ड्रेस.

म्हणजे कुत्यूर आणि सिनेमाच्या सगळ्यात गाजलेल्या जोडीची सुरुवात मापाने न शिवलेल्या कपड्यांवर झाली. हे जमलं, कारण नमुने मॉडेलच्या अंगावर बेततात आणि ऑड्रीचा बांधा मॉडेलचाच होता.

त्या काळ्या ड्रेसचा गळा पुढे ‘सॅब्रिना गळा’ म्हणून ओळखला गेला. आपल्याकडे ब्लाउज शिवणारी कुणीही त्याला बोटनेक म्हणेल. दिसायला सरळ रेघ, शिवायला त्रासदायक. पुढचा आणि मागचा गळा जवळजवळ आडव्या रेषेत असल्याने कापड खांद्याच्या टोकापासून टोकापर्यंत ताणलेलं असतं. खांदा जरा उचलला की गळ्याची कड अंगापासून सुटते आणि मधे पोकळी दिसते. यावर दोन उपाय आहेत. पहिला कापणीतला: खांद्याच्या शिवणीत गळ्याच्या बाजूला अर्धा ते एक सेंटिमीटर जास्त दाबायचं, म्हणजे कड आत ओढली जाते. दुसरा शिवणीतला: कडेच्या आतून उभ्या धाग्याची अरुंद पट्टी टाकायची आणि ती कडेच्या मापापेक्षा किंचित आखूड ठेवायची. पट्टी उरेब, म्हणजे तिरक्या धाग्याची, घेतली तर सगळं मुसळ केरात, कारण उरेब पट्टी कडेबरोबर ताणते. ‘सॅब्रिना’त त्या दृश्यांतला गळा नजर लावून पाहा. कड जागची हलत नाही. गळ्याखालची हाडं झाकली जातात आणि मान लांब दिसते. ऑड्रीला हवं होतं ते नेमकं हेच.

मग १९५५ चं ऑस्कर. कृष्णधवल चित्रपटांच्या वेशभूषेचा पुरस्कार ‘सॅब्रिना’साठी पॅरामाउंट स्टुडिओच्या वेशभूषाकार एडिथ हेडला मिळाला. जिव्हाँशीचं नाव श्रेयनामावलीतही नव्हतं. त्याच वर्षी त्याच यादीत व्हित्तोरियो दे सिकाच्या चित्रपटासाठी ख्रिस्तियाँ डिओरचं नामांकन होतं, स्वतःच्या नावाने. एकाच यादीत एक कुत्यूरिए, म्हणजे कुत्यूर घराचा मालक-रचनाकार, नावासकट हरला, आणि दुसऱ्याचे कपडे असलेला चित्रपट त्याच्या नावाशिवाय जिंकला. एडिथ हेडचं कामही कमी नव्हतं, चित्रपटातले बाकीचे कपडे तिचेच आणि सगळ्यांची सांगड तिनेच घातलेली. पण गळा तिचा नव्हता. ‘फनी फेस’पर्यंत ऑड्रीच्या शब्दाला वजन आलेलं होतं. तिथे जिव्हाँशीचं नाव पडद्यावर आलं आणि नामांकन दोघांना मिळालं. (१९८३ मध्ये ‘गांधी’साठी जॉन मोलो आणि आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया ही दोन्ही नावं पुकारली गेली, तेव्हा हा मुद्दा निदान तिथे तरी सुटलेला होता.)

दुपारी चालत आव्हन्यू जॉर्ज सँककडे जावं, अर्धा तास लागतो. १० क्रमांकाला बालेन्सियागाचं कुत्यूर घर, ३ क्रमांकाला जिव्हाँशीचं नंतरचं घर. ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’चा (१९६१) काळा सॅटिनचा गाउन जिव्हाँशीचा. त्याची एक प्रत त्याने लेखक दोमिनिक लापिएरला दिली. डिसेंबर २००६ मध्ये लंडनच्या ख्रिस्तीजमध्ये ती ४,६७,२०० पौंडांना गेली, आणि पैसे लापिएरच्या बंगालमधल्या गरिबांसाठीच्या कामाला मिळाले.

‘प्रत’ हा शब्द कुत्यूरच्या कानाला खटकतो, पण सिनेमाचं त्याशिवाय चालत नाही. कॉफी सांडण्याचं दृश्य पाच वेळा घेतलं तर पाच कोरडे कपडे लागतात, स्टंटसाठी वेगळ्या मापाचा एक, पावसासाठी आणखी. हाताने शिवलेले दोन कपडे तंतोतंत सारखे कधीच होत नाहीत. फरक कमी ठेवायचा तर सगळ्या प्रती एकाच ताग्यातून, एकाच दिवशी, एकाच दिशेने कापाव्यात; पुढचे सगळे भाग एका कारागिराकडे, बाह्या दुसऱ्याकडे अशी वाटणी करावी; आणि प्रत्येक प्रतीच्या आत क्रमांक शिवावा. नवा तागा आणला की काळ्यातही दोन छटा निघतात. डोळ्यांना त्या कळत नाहीत, दिव्याखाली एक निळसर आणि एक तपकिरी दिसतो.

तिसरा दिवस, शुक्रवार: मोंतेन आणि मार्सो

डिओरच्या गॅलरीची वेळ ऑनलाइन आधी घ्यावी लागते. प्रवेश ११, रू फ्राँस्वा प्रमिएकडून आहे, ३०, आव्हन्यू मोंतेनच्या मुख्य दारातून नाही. लोक चुकीच्या दाराशी उभे राहून आपली वेळ घालवतात. दीडदोन तास पुरतात. रंगांच्या जिन्यापाशी सगळे फोटो काढत असतात. तिथून लवकर निघून पांढऱ्या दालनात जावं, जिथे छतापर्यंत मांजरपाटातले कच्चे नमुने मांडलेले आहेत. रंग आणि चमक नसली की कापणी वाचता येते. कंबर कुठे दाबली, टक्स कुठे संपवले, उभा धागा कुठून नेला ते सगळं दिसतं.

१२ फेब्रुवारी १९४७ च्या पहिल्या संग्रहातलं ‘बार’ जाकीट शांटुंग रेशमाचं आहे. कमरेखालचा भाग आतून भरून फुगवलेला, म्हणजे कंबर न आवळताही बारीक दिसते. अशा कपड्याचा भार खांद्यांवर टाकला तर तासाभरात चोळी खाली घसरते. म्हणून आत कमरेला ग्रोग्रेनची, म्हणजे न ताणणाऱ्या घट्ट विणीची, पट्टी असते. आधी तिचे हूक लावायचे, मग वरची चेन. स्कर्टचा भार ती पट्टी पेलते. स्ट्रॅपलेस गाउन घातलेली नटी दर शॉटनंतर कपडा वर ओढताना दिसली, तर ती पट्टी सैल आहे किंवा घातलेलीच नाही असं समजावं.

नटी मार्लीन डिट्रिचने ‘स्टेज फ्राइट’च्या (१९५०) वेळी हिचकॉकला डिओरच हवा असं बजावलं, ही गोष्ट गॅलरीत हमखास ऐकू येते. ती डिओरची गिऱ्हाईक होतीच. तिची मापं, तिच्या सवयी, कॅमेऱ्याला ती कोणती बाजू देते, हे सगळं शिवणघराला ठाऊक होतं.

नंतर ५, आव्हन्यू मार्सो. ईव्ह सँ लोराँचं कुत्यूर घर १९७४ ते २००२ इथे होतं, २०१७ पासून संग्रहालय. कपडे बदलत राहतात, कारण रेशीम उजेडाने मरतं. पन्नास लक्सच्या आसपास अंधुक प्रकाशात ठेवूनही काही महिन्यांनी ते काढून पेटीत ठेवावं लागतं. म्हणून प्रदर्शनं बदलताना हे संग्रहालय आणि जवळचं गालिएरा दोन्ही काही काळ बंद असतात. तारखा बघूनच निघावं. सँ लोराँचा स्टुडिओ मात्र चुकवू नये. एक अख्खी भिंत आरशाची आहे. मॉडेलकडे थेट न बघता तो आरशातल्या प्रतिमेकडे बघून कपडा ठरवायचा. आरसा सपाट आणि चौकटीतला, अंतर वाढवणारा. कॅमेऱ्याच्या इतकं जवळ दुसरं कुठलं शिवणघर गेलं असेल असं वाटत नाही.

‘बेल द जूर’साठी (१९६७) त्याने कातरीन दनव्हला दिलेले कपडे बघितले की याची खात्री पटते. काळा चकचकीत व्हिनाइलचा कोट, पांढऱ्या सॅटिनची कॉलर आणि कफ असलेला काळा ड्रेस, पायात रोजे व्हिव्हिएचे मोठ्या बकलचे बूट. कॉलर आणि कफ पांढरे असल्यामुळे चेहरा आणि हात उठून दिसतात, बाकीचं शरीर काळोखात जातं. गोष्टीला हवं तेच.

चौथा दिवस, शनिवार: सुई आणि मांजरपाट

सकाळी शहराच्या उत्तर टोकाला, पोर्त दोबेरव्हिलिएजवळ, ‘ल दिझनफ एम’. कुत्यूरला लागणारी हस्तकौशल्याची जुनी घरं शानेलने एका छताखाली आणली: भरतकामाचं लसाज, पिसं आणि फुलांचं लमारिए, प्लीटचं लोनियाँ, बुटांचं मासारो. कारखाने आतून दिसत नाहीत, पण सार्वजनिक दालनात प्रदर्शनं आणि काही वेळा कार्यशाळा असतात. कार्यशाळेची जागा आधी राखून ठेवावी.

लसाजचं मुख्य हत्यार म्हणजे ल्युनेव्हिलचा आकडा. मुंबईच्या कुठल्याही कारखान्यात अड्ड्यावर, म्हणजे भरतकामाच्या चौकटीवर, बसलेला कारीगर तो बघून म्हणेल, ही तर आपली भरतकामाची आरी. कामही तेच. नक्षी कागदावर टोचून काढायची आणि भोकांतून पूड झटकून कापडावर उतरवायची, आपल्याकडे हाच खाका. फरक बाजूचा. ल्युनेव्हिलमध्ये कापड उलटं ताणतात. मणी किंवा टिकल्या आधीच दोऱ्यात ओवलेल्या असतात. डावा हात खालून एकेक मणी टाक्याशी सरकवतो, उजव्या हातातला आकडा वरून दोरा ओढून साखळी टाका घालतो. सुलट बाजू कारागिराला काम संपेपर्यंत दिसत नाही. धोका साखळीचा. शेवट पक्का बांधला नाही आणि मधे एक टाका तुटला, तर दोरा ओढताच अख्खी ओळ उसवते आणि सेटवर मणी सांडतात. दुसरी चूक ताणाची. चौकटीवर कापड सैल असेल तर काढल्यावर भरतकामाभोवती चुण्या पडतात आणि त्या इस्त्रीने जात नाहीत.

पॅरिसच्या शोमधलं बरंचसं भरतकाम भारतात होतं, हे आता लपून राहिलेलं नाही. डिओरने ३० मार्च २०२३ रोजी गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला आणि मुंबईच्या ‘चाणक्य’ या भरतकामाच्या कारखान्यातल्या कारागिरांनी भरलेलं प्रचंड तोरण त्या कमानीत लावलं. श्रेयनामावलीचा प्रश्न गुरुवारी जिथे सोडला तिथेच इथे पुन्हा उभा राहतो, फक्त आता नाव नसलेला माणूस अड्ड्यावर बसलेला असतो.

लोनियाँच्या प्लीटची रीत अशी: घड्या घातलेल्या जाड कागदाच्या दोन साच्यांमध्ये कापड ठेवायचं, दोघांनी मिळून साचा मिटायचा, बांधून वाफेच्या कपाटात द्यायचा, आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडायचा नाही. खालची कड प्लीटच्या आधीच शिवून घ्यावी लागते, नंतर हात लावला की घडी मोडते. पॉलिएस्टरची घडी टिकते, रेशमाची पाण्याने उलगडते. पटकथेत पाऊस असेल तर रेशमी प्लीटचा हट्ट धरू नये.

दुपारी आन्व्हेर मेट्रोवरून मार्शे सँ-पिएर. द्रेफ्यूस या कापडाच्या दुकानाच्या मजल्यांवर फिरून मांजरपाट घ्यावा. गुडघ्यापर्यंतच्या, बाह्या असलेल्या ड्रेसच्या दोन कच्च्या नमुन्यांना दीड मीटर पन्ह्याचा सुमारे साडेपाच मीटर लागतो. पहिला नमुना बिघडतोच, म्हणून दोनाचा हिशेब. लोकरीच्या कपड्यासाठी जाड पोत, रेशमासाठी पातळ. शिफॉनच्या उरेब गाउनसाठी मांजरपाट घेऊच नये, तो ताठ उभा राहतो आणि खोटं सांगतो. स्वस्त जॉर्जेट घ्यावं. कापड धुऊन आटवायचं, मग मध्यरेषा, छाती, कंबर, नितंब या रेषा लाल दोऱ्याने घालायच्या. फिटिंगला या रेषाच बोलतात. कमरेची लाल रेष पुढे वर चढलेली दिसली तर पुढची लांबी कमी पडली आहे, बाजूची शिवण कितीही उसवा, काही होणार नाही. उरेब स्कर्ट निदान एक दिवस टांगून ठेवायचा, मग जमिनीपासून मोजून कड कापायची. घाईत आजच कापली तर उद्या एक बाजू लोंबते.

आजूबाजूच्या दुकानांत तीन मीटरचे ‘कुपाँ’ तुकडे स्वस्तात मिळतात. मोह आवरायला हवा, निदान चित्रपटासाठी. दुसरी प्रत शिवायला तोच तुकडा पुन्हा मिळत नाही.

पाचवा दिवस, रविवार: बेर्सी

१४ नंबरच्या मेट्रोने बेर्सी. फ्रँक गेरीच्या वाकड्यातिकड्या इमारतीत २००५ पासून सिनेमातेक फ्राँसेज आहे. संस्था १९३६ ची. २०२१ मध्ये कुत्यूरिए ज्याँ पॉल गोतिएने फॅशन आणि सिनेमावरचं प्रदर्शन इथेच मांडलं होतं. गोतिए या धंद्यात आला तो जाक बेकरचा ‘फाल्बालास’ (१९४५) बघून. त्यातलं कुत्यूर घर पडद्यावरचं, पण कपडे मार्सेल रोशासचे. सिनेमाने शिंपी घडवला, आणि त्याने नंतर ‘द फिफ्थ एलिमेंट’चे (१९९७) कपडे करून फेड केली.

ग्रंथालयात वेशभूषेची रेखाटनं आहेत, पण रविवारी ते धरून चालू नये. रविवार चित्रपट बघायचा. पाच दिवसांनी नजर तयार झालेली असते. कृष्णधवल चित्रपटात शुभ्र पांढरा बहुधा शुभ्र नसतो. तो दिव्याखाली फुटतो, म्हणून कापड चहाच्या पाण्यात बुडवून किंवा फिका रंग देऊन मंद केलेलं असतं. काळ्या मखमलीत शिवण बुडते, काळ्या सॅटिनमध्ये दिसते. टॅफेटा चालताना सळसळतो आणि मायक्रोफोन ते उचलतो. म्हणून संवादाच्या दृश्यात टॅफेटा असेल तर पात्र बहुतेक उभं किंवा बसलेलं सापडेल. डिजिटल कॅमेऱ्यावर बारीक पट्ट्यांचं कापड थरथरल्यासारखं दिसतं.

त्या दिवशी जुना हॉलिवूडपट लागला असेल तर खेळाच्या दहा मिनिटं आधी आत जाऊन बसावं. त्या काळी नावं चित्रपटाच्या सुरुवातीला येत. उशीर झाला की गळा तेवढा दिसतो, कुणाचा ते कळत नाही.